वेशीवरचं दुतोंडी यंत्र

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

कोणत्याही कचेरीत, बँकेच्या शाखेत किंवा इस्पितळात गेलात, तर कुठे तरी कोपऱ्यात, कपाटावर किंवा लोखंडी मांडणीत एक चपटी पेटी दिसेल. तिच्यावर हिरवे दिवे लुकलुकत असतात. ती चालू असते तोवर तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही आणि ती बंद पडली की सगळी कचेरी तिच्याभोवती जमते. कारण त्या कचेरीतून बाहेर जाणारा आणि बाहेरून आत येणारा प्रत्येक संदेश या पेटीतून जातो. तिला आज आपण राउटर म्हणतो. तिचं जुनं नाव गेटवे, म्हणजे आपल्या भाषेत वेस.

या पेटीच्या मागच्या बाजूला केबल लावायच्या खोबणी असतात. खोबण आणि तिच्यामागचा सगळा हिशेब यांना मिळून तंत्रज्ञ ‘इंटरफेस’ म्हणतात. मी त्याला तोंड म्हणेन. एक तोंड कचेरीतल्या संगणकांकडे, दुसरं इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे. माणूस दुतोंडी असला तर आपण त्याच्यापासून चार हात दूर राहतो, पण या यंत्राचं दुतोंडी असणं हेच त्याचं काम आहे. मात्र ही दोन तोंडं आपापलं काम जन्मतः जाणत नाहीत. तू कोण, तुझी आळी कोणती आणि अनोळखी पत्र आलं तर ते कुणाच्या हाती द्यायचं, हे प्रत्येक तोंडाला कुणी तरी सांगावं लागतं. साध्या कचेरीसाठी हे सांगणं दहा-पंधरा ओळींत संपतं. आज मला सांगायचा आहे तो या दहा-पंधरा ओळींचा इतिहास. कारण एक काळ असा होता, की या वेशीला आत आणि बाहेर असा भेदच नव्हता. तो कसा आला आणि तो ठरवण्याची जबाबदारी कुणाकडून कुणाकडे गेली, ही गोष्ट कळली, तर कोपऱ्यातल्या त्या पेटीकडे आपण जरा निराळ्या नजरेनं पाहू.

सुरुवात होते १९६७ साली, अमेरिकेत. संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संस्थेला आपल्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांचे संगणक एकमेकांना जोडायचे होते. लॅरी रॉबर्ट्स यांनी मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर इथे संबंधितांची बैठक घेतली. विद्यापीठं नाखूश होती. संगणक प्रचंड महाग, त्यावरचा वेळ तोळामासा. तो दुसऱ्यांच्या निरोपांची ने-आण करण्यात का घालवायचा? तेव्हा वेस्ली क्लार्क यांनी तोड सुचवली. मोठ्या संगणकांना जाळ्याच्या कामाला जुंपूच नका. प्रत्येकाच्या दारात एक छोटा संगणक ठेवा आणि ने-आण त्या छोट्यांनाच आपापसांत करू द्या.

ते छोटे संगणक बांधायचं काम मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावच्या ‘बीबीएन’ या कंपनीला मिळालं. फ्रँक हार्ट यांच्या चमूनं हनीवेल कंपनीचा ‘डीडीपी-५१६’ हा संगणक घेऊन त्याला या कामासाठी घडवलं. फ्रिजएवढ्या आकाराच्या या यंत्राला नाव मिळालं ‘इम्प’. पहिला इम्प १९६९च्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या सांध्यावर लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पोचला, दुसरा स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत. २९ ऑक्टोबर १९६९च्या रात्री लॉस एंजलिसहून ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायला घेतला. ‘एल’ पोचला, ‘ओ’ पोचला आणि पलीकडचा संगणक कोलमडला. इंटरनेटच्या पूर्वजाचं पहिलं वाक्य दोन अक्षरांवर अडलं, ते हे असं.

या प्रकरणात एक कागद फार महत्त्वाचा आहे, पण त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. बीबीएननं ‘अहवाल क्रमांक १८२२’ काढला. विद्यापीठाचा मोठा संगणक आणि इम्प यांची गाठ कशी पडेल, तारेतून कोणता इशारा केव्हा जाईल, हे त्यात बारकाईनं लिहिलं होतं. इथपर्यंत आमचं, इथून पुढे तुमचं! पलीकडच्या बाजूचा जोड प्रत्येक विद्यापीठानं स्वतः तयार करायचा. हीच त्या जाळ्याची पहिली आखलेली हद्द. पण तिला वेस म्हणता येणार नाही. सगळे इम्प एकाच मालकाचे होते. त्यांची देखभाल बीबीएन केंब्रिजमधूनच करत असे. सबंध वाडा एकाच मालकाचा असला, की आतल्या दारांना कड्या नसल्या तरी चालतं. तसंच हे होतं.

खरा प्रश्न निघाला तो वाडे अनेक झाल्यावर. १९७०नंतर आर्पाच्याच पैशानं रेडिओलहरींवर चालणारं एक जाळं उभं राहत होतं, उपग्रहावरून चालणारं दुसरं. प्रत्येकाचा वेग वेगळा, पुडक्याचा आकार वेगळा, रीत वेगळी. यांना जोडायचं कसं? रॉबर्ट कान आणि व्हिंट सर्फ यांनी मे १९७४मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात उत्तर दिलं. कुठल्याही जाळ्याला आपली आतली रीत बदलायला लावायची नाही. दोन जाळ्यांच्या सीमेवर एक यंत्र ठेवायचं. त्याचा एक पाय या जाळ्यात, एक त्या जाळ्यात. प्रत्येक जाळ्याला ते आपल्याच घरचं वाटेल. हे यंत्र पुडक्यावरचा पत्ता वाचेल, नव्या पाकिटात घालून पुढे सरकवेल आणि विसरून जाईल. पुडकं हरवलं, तर शोधाशोध करायची ती पाठवणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं, वेशीनं नव्हे. या यंत्राला त्यांनी नाव दिलं गेटवे.

अशा गेटवेची पहिली आज्ञावली बीबीएनमध्ये जिनी स्ट्राझिसार या अभियंता बाईंनी लिहिली. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी मोठी परीक्षा झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला महामार्गावर धावणाऱ्या एका व्हॅनमधून पुडकी निघाली. रेडिओच्या जाळ्यातून ती आर्पाच्या जाळ्यात आली, उपग्रहावरून अटलांटिक ओलांडून नॉर्वे आणि लंडनपर्यंत गेली आणि परत फिरून लॉस एंजलिसजवळच्या एका संशोधन संस्थेत उतरली. व्हॅनपासून ती संस्था एका दिवसाच्या मोटारप्रवासाच्या अंतरावर. पण तीन निरनिराळी जाळी मधल्या वेशींमुळे एकासारखी चालली, हे त्या दिवशी सिद्ध झालं. इंटरनेट म्हणजे जाळ्यांचं जाळं. त्याचा जन्म खऱ्या अर्थानं वेशीवर झाला.

आता इथे थोडं थांबून एक गोष्ट पाहू. या वेशीची दोन्ही तोंडं सारख्या मानाची होती. हे जाळं आणि ते जाळं, एवढाच फरक. आतलं कुठलं, बाहेरचं कुठलं, हा प्रश्न कुणाच्या मनात आला नाही, कारण दोन्हीकडे ओळखीचीच माणसं होती. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पाच्या सगळ्या जाळ्यानं आज आपण वापरतो ती ‘टीसीपी-आयपी’ पद्धत स्वीकारली. तिच्यात सुमारे ४२९ कोटी पत्त्यांची सोय होती. काही शे संगणकांच्या त्या जगात हा आकडा कधी संपेल, अशी शंका कुणाला येण्याचं कारण नव्हतं.

यानंतर गोष्ट स्टॅनफर्ड विद्यापीठात येते. तिथे १९८०च्या सुमारास वैद्यक विभागाचं जाळं वेगळं, संगणकशास्त्राचं वेगळं, अशी स्थिती होती. ती जोडायचं काम विल्यम येगर या अभियंत्याकडे आलं. अँडी बेख्टोलशाइम यांनी आखलेल्या संगणकाच्या पट्टीवर येगर यांची आज्ञावली चालू लागली आणि एकाच वेळी अनेक भाषा बोलणारी पेटी तयार झाली. विद्यापीठात तिला ‘निळी पेटी’ म्हणत. त्याच विद्यापीठातले लेन बोसॅक आणि सँडी लर्नर या दांपत्यानं डिसेंबर १९८४मध्ये एक कंपनी काढली. सॅन फ्रान्सिस्को या नावाची शेपटी उचलून तिचं नाव ठेवलं ‘सिस्को’ आणि चिन्ह घेतलं तिथल्या गोल्डन गेट पुलाचं. नवराबायकोला एकमेकांना पत्रं पाठवायची होती म्हणून राउटर जन्माला आला, ही गोड कथा पुढे खूप पसरली. वस्तुस्थिती अशी, की त्या पेटीमागे विद्यापीठातल्या अनेकांचे हात होते. आज्ञावलीच्या मालकीवरून विद्यापीठाशी वादही झाला आणि १९८७मध्ये रीतसर परवाना घेऊन तो मिटला. ऑगस्ट १९९०मध्ये लर्नर यांना कंपनीतून काढण्यात आलं आणि त्यांच्यामागोमाग बोसॅकही बाहेर पडले.

आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं ते एवढंच, की वेस आता विकत मिळू लागली. बँक, कारखाना, व्यापारी पेढी, कुणीही ती आणावी आणि बसवावी. म्हणजेच वेशीचा कारभार शास्त्रज्ञांच्या हातून कचेरीतल्या एका नोकरदाराच्या हातात आला. त्याच्याकडे असायची एक चपटी केबल, काळा पडदा आणि माहितीचं पुस्तक. तो आधी तोंडाचं नाव टाइप करायचा, मग त्या तोंडाला पत्ता द्यायचा. पत्त्यापाठोपाठ ‘मास्क’ द्यायचा. हा मास्क म्हणजे आळीची सीमा. कोणते पत्ते आपल्याच आळीतले आणि कुणासाठी वेशीबाहेर जावं लागेल, हे त्यावरून ठरतं. शेवटी, ज्याचा ठावठिकाणा माहीत नाही त्याचं पत्र कुणाकडे सोपवायचं, ते सांगायचं. आपल्या घरच्या संगणकाच्या जोडणीत ‘डिफॉल्ट गेटवे’ असा रकाना असतो, तो याच कामाचा. एरवी ‘गेटवे’ हा शब्द मागे पडला. अभियंत्यांनी या यंत्रांसाठी १९८७मध्ये केलेल्या नियमावलीच्या नावात गेटवे आहे. १९९५च्या नव्या नियमावलीत त्या जागी राउटर आला. जुनं नाव त्या एका रकान्यात मात्र टिकून राहिलं.

या ओळींतली सर्वांत मजेदार ओळ शेवटची. सिस्कोच्या नव्या राउटरची तोंडं मुळात मिटलेली असतात. ती उघडायला ‘उघड’ अशी आज्ञा नाही. आज्ञा आहे ‘नो शटडाउन’, म्हणजे ‘बंद नको’! ही ओळ लिहायची राहिल्यामुळे तासन्‌तास केबल तपासत बसलेल्या तंत्रज्ञांच्या गोष्टी या धंद्यात ठायी ठायी ऐकू येतात. पण या उलट्या वाटणाऱ्या रीतीत शहाणपण आहे. धन्यानं ओळख करून दिल्याशिवाय वेशीनं तोंड उघडू नये, हे तत्त्व त्यात आहे.

हे तत्त्व किती मोलाचं आहे, ते २ नोव्हेंबर १९८८ रोजी कळलं. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं सोडलेली एक आज्ञावली किड्यासारखी या संगणकावरून त्या संगणकावर पसरत गेली आणि तिनं हजारो यंत्रं जाम केली. वेशींनी तिला अडवलं नाही. अडवणं हे त्यांचं कामच नव्हतं. पत्ता वाचायचा आणि पुढे सरकवायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. या धक्क्यानं विचाराची दिशा बदलली. वेशीनं पाकीट पाहावं, कुठून आलं ते विचारावं आणि नको ते परत फिरवावं, ही कल्पना जोर धरू लागली. बेल लॅबमधल्या बिल चेसविक यांनी १९९०मध्ये सुरक्षित गेटवे कसा बांधावा यावर एक निबंध वाचला, त्यात त्यांनी या विचारातली उणीवही दाखवली. कवच टणक आणि आतला गाभा मऊ, अशी ही रचना होते. कवचाला एक भोक पडलं, की आत सगळं मोकळं.

रायगडावरच्या हिरकणीची गोष्ट आपल्याला पाठ आहे. सांजवेळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती गवळण कडा उतरून गेली. महाराजांनी तिची पाठ थोपटली, साडीचोळी दिली, असं सांगतात. आणि ती उतरली तिथे बुरूजही बांधला. कौतुक आईच्या धाडसाचं आणि बुरूज त्या वाटेसाठी. १९९०च्या दशकात अनेक कचेऱ्यांत अशी वाट टेबलाखाली असे. घरून काम करता यावं म्हणून कुणी तरी आपल्या संगणकाला टेलिफोनचा मोडेम लावून ठेवी. हेतू चांगलाच, पण लाखो रुपये खर्चून पुढे बांधलेली वेस तेवढ्यानं निरर्थक होई.

भीतीनं आत-बाहेरचा भेद आणला. टंचाईनं तो पक्का केला. ४२९ कोटी पत्ते पुरणार नाहीत, हे १९९०नंतर दिसू लागलं. त्यावर दोन उपाय एकमेकांच्या जोडीनं आले. पहिला खासगी पत्त्यांचा. १९९४मध्ये आणि पुन्हा १९९६मध्ये असं ठरलं, की पत्त्यांचे तीन गट कुणाच्याही मालकीचे नसतील. कचेरीच्या आत ते कुणीही वापरावेत, बाहेर त्यांना अर्थ नाही. त्यातला सर्वांत मोठा गट १० या आकड्यानं सुरू होतो. त्यात सुमारे १ कोटी ६८ लाख पत्ते आहेत. गंमत अशी, की १० हा मूळच्या आर्पाच्या जाळ्याचाच क्रमांक. ते जाळं १९९०मध्ये निवृत्त झालं, त्याचा आकडा रिकामा झाला आणि तोच सगळ्या जगाला आंदण मिळाला. एखाद्या बँकेच्या शाखेतल्या संगणकाचा पत्ता १०नं सुरू होत असेल, तर ते त्या आद्य जाळ्याचं घरनंबर वापरणंच आहे.

दुसरा उपाय १९९४मध्ये लेखी आला, तो ‘नॅट’ म्हणजे पत्ता बदलून देण्याचा. आपल्याकडे कचेरीत टेलिफोनचा बोर्ड असे, तसंच हे. बाहेरच्यांना एकच नंबर ठाऊक. आत पन्नास एक्स्टेन्शन. वेस बाहेर जाणाऱ्या पत्रावर आतला पत्ता खोडून आपला घालते, वहीत नोंद ठेवते आणि उत्तर आलं की नोंद पाहून योग्य टेबलावर पोचवते. ज्या वेशीनं पत्र सरकवून विसरून जायचं असं सर्फ आणि कान यांनी ठरवलं होतं, तिच्या हाती आता खतावणी आली.

यासाठी राउटरवर दोन लहान ओळी लिहाव्या लागतात. एका तोंडाला सांगायचं ‘इनसाइड’, दुसऱ्याला ‘आउटसाइड’. हे शब्द यंत्राला आपणहून कळत नाहीत. दोन्ही खोबणी दिसायला सारख्या. केबलीतून येणाऱ्या विजेच्या ठोक्यांवर आपलं-परकं असं काही लिहिलेलं नसतं. आपलं कोण, हे माणसानंच ठरवायचं आणि माणसानंच टाइप करायचं. सगळ्या इतिहासाचा अर्क या दोन शब्दांत आहे.

या गोष्टीत मुंबईलाही मानाचं पान आहे. १९८६च्या सुमारास ‘अर्नेट’ हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, केंद्राचं इलेक्ट्रॉनिक्स खातं आणि जुहूचं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे ‘एनसीएसटी’, सामील होते. डॉ. श्रीनिवासन रामाणी यांच्या नेतृत्वाखाली एनसीएसटी ही या जाळ्याची परदेशाकडे उघडणारी वेस झाली. १९८०च्या दशकाच्या अखेरीला तिथून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत जी तार होती, तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे बाराशे अक्षरांच्या आसपास. आज मोबाइलवरचा एक फोटो तिच्यातून यायला तासाहून जास्त वेळ लागेल. तेव्हा मात्र देशभरातल्या प्राध्यापकांची परदेशी पत्रं तिच्यावरून ये-जा करत. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा त्या सेवेच्या नावातच हा शब्द होता : ‘गेटवे इंटरनेट अ‍ॅक्सेस सर्व्हिस’. नंतर गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. एक जोडणी, दहा संगणक आणि सगळ्यांचे पत्ते १९२.१६८नं सुरू होणारे. नॅटचा हा शोध नसता, तर त्या प्रत्येक संगणकाला जगातला वेगळा पत्ता शोधावा लागला असता.

आतल्या बाजूला असा पहारा वाढत गेला. बाहेरच्या बाजूला, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या वेशी एकमेकींशी बोलतात तिथे, मात्र जुना विश्वास तसाच राहिला. १९८९च्या जानेवारीत टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे एका बैठकीच्या वेळी कर्क लॉघीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावरच्या कागदी रुमालांवर ‘बीजीपी’ या पद्धतीचा आराखडा काढला. शेजारच्या वेशीनं सांगायचं, ‘अमुक गावाला जायची वाट माझ्याकडून आहे,’ आणि या वेशीनं ते मानायचं. २५ एप्रिल १९९७ रोजी व्हर्जिनियातल्या एका छोट्या कंपनीच्या वेशीनं चुकून सांगितलं, की इंटरनेटच्या मोठ्या भागाची वाट माझ्याकडूनच आहे. शेजाऱ्यांनी मानलं आणि सगळी वाहतूक त्या आडगल्लीत शिरून अडकली. वायर उपसून काढली, तरी ती अफवा तासन्‌तास जगभर फिरत राहिली.

२४ फेब्रुवारी २००८चा प्रसंग तर आपल्या विषयाचा धडाच आहे. पाकिस्तान सरकारनं देशात यूट्यूब बंद करायचा हुकूम काढला. तिथल्या पाकिस्तान टेलिकॉम या कंपनीनं आपल्या वेशीवर यूट्यूबची एक खोटी वाट लिहिली. तिच्यावरून गेलेलं पत्र खड्ड्यात पडावं, अशी योजना. ही वाट फक्त देशाच्या आत सांगायची होती. ती बाहेरच्या तोंडानंही सांगितली गेली. हाँगकाँगच्या एका मोठ्या कंपनीनं ती पुढे सांगितली आणि सुमारे दोन तास जगभर यूट्यूब मिळेनासं झालं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर गेली की काय होतं, ते सगळ्या जगानं पाहिलं.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी तर वेस आपल्याच धन्यावर बंद झाली. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेनं फेसबुक कंपनीच्या केंद्रांना जोडणारं सगळं अंतर्गत जाळं तुटलं. चुकीची आज्ञा अडवणारी तपासणी होती, पण तिच्यातच दोष निघाला. दुरुस्तीची साधनंही त्याच जाळ्यावर अवलंबून. अभियंत्यांना प्रत्यक्ष यंत्रांपाशी पोचावं लागलं. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास बंद राहिलं. राउटरवर काम करणाऱ्याला पहिला धडा हाच मिळतो : ज्या तोंडातून तुम्ही आत आला आहात, ते तोंड मिटू नका.

म्हणून या मंडळींनी एक युक्ती शोधली आहे. सिस्कोच्या राउटरवर आत्ता चालू असलेल्या ओळी वेगळ्या आणि जपून ठेवलेल्या ओळी वेगळ्या असतात. ‘जपून ठेव’ असं सांगितलं नाही, तर वीज जाऊन आली की नव्या ओळी पुसल्या जातात. लोडशेडिंगच्या दिवसांत या विसराळूपणानं कितीतरी कचेऱ्यांची सकाळ वाया घालवली असेल. पण जाणते लोक त्याचाच उपयोग करतात. दूरच्या शाखेतल्या राउटरचं तोंड बदलायच्या आधी ते त्याला सांगून ठेवतात, ‘दहा मिनिटांनी पुन्हा सुरू हो.’ चूक झाली आणि आपण बाहेर अडकलो, तर दहा मिनिटांनी ते यंत्र जुन्या ओळींसह उठतं. सगळं नीट झालं, तर ती आज्ञा मागे घ्यायची. आपल्या हातून चूक होऊ शकते, हे आधीच धरून चाललेलं हे शहाणपण आहे.

ते सगळीकडे नाही. २०१६मध्ये ‘मिराई’ नावाच्या आज्ञावलीनं लाखो कॅमेरे आणि घरगुती राउटर काबीज केले, तेही कुलूप न फोडता. कारखान्यातून आलेले साठेक नाव-पासवर्ड ती एकामागून एक लावून पाहत गेली. मालकांनी ते बदललेच नव्हते. त्या यंत्रांच्या फौजेनं २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतल्या अनेक मोठ्या संकेतस्थळांची वाट रोखली. त्यानंतर कॅलिफोर्नियानं २०२०पासून आणि ब्रिटननं २०२४पासून असे सरसकट एकसारखे पासवर्ड कायद्यानंच बंद केले.

पत्त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११मध्ये संपला आणि ‘आयपीव्ही६’ ही जवळजवळ न संपणाऱ्या पत्त्यांची पद्धत पसरू लागली. भारतातल्या मोबाइल कंपन्यांनी तिचा मोठा वापर केला आहे. तिच्यात प्रत्येक यंत्राला जगातला स्वतःचा पत्ता मिळू शकतो. नॅटची गरज उरत नाही. पण नॅटमुळे आपोआप मिळणारा आडपडदाही उरत नाही. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, ते वेशीवर स्पष्ट शब्दांत लिहावं लागतं. म्हणजे फिरून प्रश्न तिथेच येतो : लिहिणार कोण?

पहिल्या इम्पची काळजी एक सबंध कंपनी वाहत होती. आज तीच काळजी एखाद्या पतपेढीत, शाळेत किंवा दवाखान्यात एका माणसाच्या गळ्यात असते. बहुधा तो बाहेरून बोलावलेला असतो, एकदा येऊन ओळी लिहून गेलेला. पासवर्ड कुणाला ठाऊक नसतो, कोणती केबल कोणत्या तोंडाला ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं. खातेदारांच्या ठेवी, मुलांचे निकाल, रुग्णांचे अहवाल मात्र त्याच पेटीतून ये-जा करत असतात. उपाय मोठे नाहीत. पासवर्ड बदलून तो दोन जबाबदार माणसांकडे बंद पाकिटात द्यावा. वेशीवरच्या ओळी कागदावर छापून फायलीला लावाव्यात आणि त्या कुणी, कधी, का बदलल्या ते तारखेसह लिहावं. दर वर्षी एकदा कुणीतरी त्या वाचाव्यात आणि ज्याचं कारण कुणालाच सांगता येणार नाही, ते दार मिटून टाकावं. तिजोरीच्या किल्ल्यांची नोंद प्रत्येक पतपेढीत रोज होते. वेशीच्या किल्लीची नोंद त्याच वहीत पुढच्या पानावर करायला हरकत नसावी.